सांधेवाल्याची मुलगी आणि छोटी रेल्वे

आमच्या गारगोटीला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर आधी एस.टी.ने कोल्हापूर गाठायचे. त्यामुळे वर्गात रेल्वेचा धडा आला की मुलांना फळ्यावरच रूळ दाखवावे लागत. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. मुले पाठ करत आणि परीक्षेनंतर विसरत. इतिहास असा तारखांत कोंबला की त्यातली माणसे निसटतात, हे माझे जुने दुखणे.

हे सगळे आठवले ते पुण्यातल्या कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहताना. मुलाकडे गेलो होतो, तेव्हा सौ.ला घेऊन गेलो. भाऊसाहेब जोशी नावाच्या गृहस्थांनी आयुष्यभर जपलेला हा छंद. १ एप्रिल १९९८ रोजी तो सर्वांसाठी खुला झाला. एका मोठ्या खोलीत अख्खे शहर वसवलेले आहे. वाफेची इंजिने, वेगवान गाड्या, रुळाला खालून लटकत जाणारी गाडी, सर्कस, पोहण्याचा तलाव. मग दिवे मालवतात, शहरात रात्र होते आणि गाड्यांच्या खिडक्या उजळतात. शेजारची नातवंडे टाळ्या पिटत होती. त्यांचे आजोबाही!

प्रमाण १ : ८७. म्हणजे खऱ्या गाडीचे ८७ सेंटिमीटर इथे एका सेंटिमीटरात. दोन रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर. ही मापे मूळची युरोपातली. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवर धावणारी खेळण्यातली रेल्वे मांडली. तोवर एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर बसेलच असे नव्हते.

मंडळी, हे १८९१ साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी मिरज ते कोल्हापूर ही आपली रेल्वे सुरू झाली. कामाचा शुभारंभ १८८८ मध्ये झाला, तेव्हा शाहू महाराज अजून अल्पवयीनच होते. रेल्वे संस्थानची होती. तिकडे खेळण्यातल्या रुळांची मापे ठरत होती, आणि इकडे खरे रूळ मात्र पुढे तीन मापांत वाटले गेले. मुंबईहून पुण्यापर्यंत ब्रॉडगेज, पुण्याच्या पुढे मिरज-कोल्हापूरकडे मीटरगेज, आणि मिरजेहून पंढरपूर-कुर्डुवाडीकडे बार्शी लाइटची नॅरोगेज, रुंदी जेमतेम अडीच फूट. मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजवर जाऊ शकत नाही. कोल्हापूरचा गूळ रेल्वेने मुंबईला जायचा तर वाटेत तो एका वाघिणीतून दुसरीत भरावा लागे. किती हमालांच्या पाठी त्यात वाकल्या असतील! कोल्हापूरपर्यंत ब्रॉडगेज आली आणि १९७१ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस सुरू झाली, तेव्हा कुठे कोल्हापूरचा माणूस गाडी न बदलता मुंबईला पोचू लागला.

सौ.चे माहेर मिरज. माझे सासरे रेल्वेत सांधेवाले होते. त्या दिवशी सगळे प्रेक्षक धावणारी गाडी पाहत होते, ही मात्र रूळ जिथे फुटतात तिथे टक लावून बसली होती. गाडी यायच्या आत रुळाची बारीक पाती आपोआप सरकत होती. ही हळूच म्हणाली, "अहो, बाबा हे हातानं करायचे. पावसात, रात्री कंदील घेऊन." थोड्या वेळाने म्हणाली, "सगळं छान आहे हो, पण ह्यात मिरज कुठं आहे?"

मी परतीच्या वाटेवर हिशेब केला. मिरज-कोल्हापूर अंतर सुमारे ४७ किलोमीटर. १ : ८७ ने ते साधारण ५४० मीटर भरेल. एवढी जागा कुठल्या खोलीत मिळणार नाही. पण मिरजेचे एक स्थानक तर मावेल? तिथे काही वर्षे तिन्ही मापांचे रूळ एकत्र नांदले. आता मीटरगेज गेली, बार्शी लाइटची नॅरोगेजही रुंद झाली. तीन रूळ एकत्र पाहिलेली माणसे आता वयाने थोरली होत चालली आहेत. त्यांच्याबरोबर हेही जाईल.

जोशींना त्यांच्या आवडीच्या गाड्या जपाव्याशा वाटल्या आणि त्यांनी त्या जपल्या, तेही सरकारची वाट न पाहता. एका माणसाचा हट्ट केवढे काम करतो ते तिथे दिसते. मला हात चालवून काही बनवता येत नाही, पण लिहिता येते. म्हणून गेले काही दिवस मी वही घेऊन सौ.समोर बसतो. कंदिलाचा रंग कुठला, तरफ ओढताना आवाज कसा येई, रात्रपाळीला डब्यात काय असे, असे एकेक विचारतो. ती आधी "काय ते खुळ्यासारखं!" म्हणते आणि मग तासभर बोलते.

आपल्या घरातही कुणी रेल्वेत, गिरणीत, पोस्टात राबलेले असेल. त्यांना विचारून ठेवा. पुण्याला गेलात तर कोथरूडलाही जाऊन या, आणि गाड्या बघताना सांध्यांकडे जरूर लक्ष द्या.