धाग्यापासून रोहिणीपर्यंत : जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण

मडगावहून गुजरातकडे निघालेली गाडी सुरत स्थानकात शिरण्यापूर्वी उधना ओलांडते. यंत्रमाग आणि कापडप्रक्रियेची ही औद्योगिक वसाहत. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने आलेली असंख्य मराठी कुटुंबे उधना-लिंबायत परिसरात स्थिरावली आहेत. येथील मागांवर प्रामुख्याने कृत्रिम धागा विणला जातो आणि त्यात पॉलिस्टरचा वाटा मोठा आहे.

याच पॉलिस्टरचे वैद्यकातही स्थान आहे. महारोहिणी फुगली, तर तिच्या कमकुवत भागाच्या जागी पॉलिस्टरची विणलेली नळी बसवतात. १९५० च्या दशकात अमेरिकी शल्यविशारद मायकेल डिबेकी यांनी अशा नळ्या डॅक्रॉन या पॉलिस्टर कापडापासून घरच्या शिलाई यंत्रावर शिवल्या होत्या. मात्र साडीचे कापड आणि रोहिणीची नळी यांत मोठे अंतर आहे. विणीतून रक्त झिरपता कामा नये, आत गुठळी होता कामा नये, निर्जंतुकीकरणात धाग्याचे बळ घटता कामा नये आणि दिवसाला सुमारे एक लाख ठोक्यांचा ताण नळीने वर्षानुवर्षे सोसला पाहिजे. हे अंतर मोजण्याचे आणि ओलांडण्याचे शास्त्र म्हणजे जैववैद्यकीय अभियांत्रिकी. पदवी अभ्यासक्रमात तिची ओळख होते, तर एखाद्या उपकरणाची जबाबदारी पेलण्याची तयारी पदव्युत्तर शिक्षणात होते.

सुरतेचे उदाहरण

स्थानिक कौशल्यातून वैद्यकीय उद्योग उभा राहू शकतो, हे सुरतेने दाखवले आहे. हिरे कापणाऱ्या लेसर यंत्रांच्या व्यवसायातील सहजानंद समूह पुढे हृदयाच्या स्टेंटकडे वळला. स्टेंटही धातूच्या बारीक नळीतून लेसरनेच कापला जातो. या समूहातील सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीजच्या ‘सुप्राफ्लेक्स’ स्टेंटची युरोपातील १,४३५ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लेसर चालवण्याचे कौशल्य हाताशी होते; त्याला औषधाचा लेप, धातूचा थकवा आणि रुग्णचाचण्या यांच्या ज्ञानाची जोड द्यावी लागली.

प्रवेश कसा मिळतो?

एम.टेक.साठी पदवी जैववैद्यकीय शाखेचीच हवी, हा समज चुकीचा आहे. बहुतेक संस्था यांत्रिकी, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स, रसायन किंवा धातुशास्त्र शाखेच्या पदवीधरांनाही संधी देतात. काही ठिकाणी डॉक्टरांसाठीही वाट खुली असते. कोणत्या शाखेला कोणता विभाग प्रवेश देतो, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावे.

मुख्य प्रवेशद्वार ‘गेट’ परीक्षेचे. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, आणि निकाल तीन वर्षे ग्राह्य. जैववैद्यकीय अभियांत्रिकीची ‘बीएम’ ही स्वतंत्र प्रश्नपत्रिका २०२० पासून सुरू झाली. तीत विद्युत परिमंडले, संकेतप्रक्रिया, संवेदक, शरीररचना व शरीरक्रिया, वैद्यकीय प्रतिमांकन, जैवयांत्रिकी आणि जैवपदार्थ हे विषय येतात. अन्य शाखांच्या पदवीधरांना अनेक ठिकाणी आपल्या मूळ शाखेच्या प्रश्नपत्रिकेवरही अर्ज करता येतो.

‘गेट’च्या आधारे पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्यांसाठी दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन निश्चित झालेले आहे. ज्या घरात मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहिली जाते, तेथे आणखी दोन वर्षे शिकण्याचा निर्णय बहुधा याच रकमेवर ठरतो. म्हणून निवडलेल्या संस्थेत ते सर्व जागांना लागू आहे काय, हे आधीच विचारून घ्यावे.

संस्था निवडताना

मुंबईच्या आयआयटीत जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागात हे शिक्षण मिळते. तेथील ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचे नवनिर्मिती केंद्र डॉक्टर आणि अभियंत्यांना एकत्र आणते. दिल्ली, हैदराबाद आणि वाराणसी येथील आयआयटींतही या विषयाचे स्वतंत्र विभाग वा केंद्रे आहेत. खरगपूरच्या आयआयटीत एमबीबीएस डॉक्टरांसाठी तीन वर्षांचा खास अभ्यासक्रम आहे. चेन्नईची आयआयटी, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था मिळून ‘क्लिनिकल इंजिनीअरिंग’चा एम.टेक. चालवतात, त्यात विद्यार्थ्याला रुग्णालयातील कामाचा प्रत्यक्ष अनुभव मिळतो.

संस्थेच्या नावापेक्षा तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. विभागाशी रुग्णालय जोडलेले आहे काय? प्रबंध उपकरणाच्या चाचणीपर्यंत जातो, की संगणकावरील प्रारूपापाशी थांबतो? मागील विद्यार्थी संशोधन व निर्मितीत गेले, की यंत्रांच्या विक्री व देखभालीत? ही शेवटची कामेही आवश्यक आहेत, परंतु त्यांसाठी प्रत्येक वेळी पदव्युत्तर पदवी लागतेच असे नाही.

उपकरणाला लागणारा काळही ध्यानात घ्यावा. श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या हृदयझडपेचे आधीचे आराखडे चाचण्यांत बाद झाले. यशस्वी झडप रुग्णाच्या हृदयात प्रथम बसवली गेली ती डिसेंबर १९९० मध्ये.

नियमांची जाण

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांनुसार उपकरणांचे धोक्याच्या चढत्या क्रमाने अ, ब, क आणि ड असे चार वर्ग पडतात. औषध सोडणारे स्टेंट सर्वांत कडक ‘ड’ वर्गात मोडतात. नियामक कागदपत्रे आणि गुणवत्ता व्यवस्थापन जाणणाऱ्या अभियंत्याची गरज प्रत्येक उत्पादकाला भासते. हा विषय ज्या अभ्यासक्रमात आहे, त्याला प्राधान्य द्यावे.

गोव्यातील विद्यार्थ्यांनाही हे क्षेत्र परके नाही. क्षयरोगाच्या निदानासाठी वापरले जाणारे ‘ट्रूनॅट’ यंत्र ज्या मोलबायो कंपनीचे, ती वेर्ण्याची. वेर्णे असो वा उधना, अर्ज भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने एका रुग्णालयाला आणि एका उपकरण कारखान्याला भेट द्यावी. आपल्याला शरीर, पदार्थ, संकेत की नियम यांपैकी कशात काम करायचे आहे, हे तेथे अधिक स्पष्ट होते आणि संस्थेची निवड त्यानंतर करणे सोपे जाते.