व्हिक्टोरिया सरोवर: मासा सोडला कुणी आणि किंमत मोजली कुणी?

आज जरा लांबची गोष्ट. पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराची. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. गोष्ट तिकडची असली तरी त्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

आधी आकार समजून घ्या. पुणे, सोलापूर, नगर, सातारा आणि सांगली हे पाचही जिल्हे या सरोवरात टाकले तरी थोडी जागा शिल्लक राहील. क्षेत्रफळ साधारण ६८,८०० चौरस किलोमीटर. पण खोली मात्र बेताची. आपल्या कोयना धरणाची भिंत १०३ मीटर उंच आहे, या सरोवराचा सगळ्यात खोल भाग ८० मीटरच्या आसपास. टांझानिया, युगांडा आणि केनिया या तीन देशांत ते वाटलं गेलंय. केनियाच्या वाट्याला जेमतेम ६ टक्के. पाणी बाहेर पडायला वाट एकच, युगांडातलं जिंजा. तिथून नाईल निघते. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथेच विसर्जित केला होता.

हे नाव तर अगदी अलीकडचं. १८५८ मध्ये स्पेक नावाचा इंग्रज तिथे पोचला आणि त्याने आपल्या राणीचं नाव देऊन टाकलं. काठावरचे लुओ लोक त्याला नाम लोल्वे म्हणत होते, बुगांडातले लोक नालुबाले. त्यांना कुणी विचारलं नाही. पुढेही बऱ्याच गोष्टींत विचारलं नाही.

१९०१ मध्ये मोम्बासाहून निघालेली रेल्वे सरोवराला येऊन भिडली. ती बांधायला हिंदुस्थानातून तीसेक हजार मजूर नेले होते, बरेचसे पंजाबातले. रेल्वे आली म्हणजे बाजार आला. १९०५ च्या सुमारास युरोपी बनावटीची जाळी आली. तोवर लोक वेताच्या टोपल्या, पाण्यातले कूड आणि सापळे वापरत. नव्या जाळ्यांत 'न्गेगे' हा तिथला चवदार, मागणी असलेला मासा भरभरून सापडू लागला आणि वीस वर्षांत कमी व्हायला लागला.

मग सरकारने मायकेल ग्रॅहम या तज्ज्ञाकडून पाहणी करून घेतली. १९२९ च्या अहवालात त्याने दोन गोष्टी सांगितल्या. जाळ्याचं भोक पाच इंचांपेक्षा लहान नको. आणि बाहेरून मोठा शिकारी मासा आणायचा विचार असेल तर पूर्ण अभ्यासाशिवाय आणू नका. पहिली शिफारस कायद्यात आली आणि १९५० च्या दशकात सोडूनही दिली. दुसरीचं काय झालं ते बघा.

या सरोवरात हॅप्लोक्रोमिन नावाच्या बोटभर-वीतभर रंगीत माशांच्या जवळपास पाचशे जाती होत्या. एक जात शेवाळ खाणारी, एक गोगलगाई फोडणारी, एक दुसऱ्यांची पिल्लं पळवणारी. शास्त्रज्ञांच्या मते साधारण पंधरा हजार वर्षांपूर्वी हे सरोवर पार कोरडं पडलं होतं. म्हणजे एवढी विविधता तेवढ्या काळात उभी राहिली असावी. शास्त्रज्ञांसाठी हा खजिना होता. पण अधिकाऱ्यांच्या लेखी हे काटेरी, बिनकामाचे मासे. त्यांचा हिशोब सरळ होता. मोठा मासा सोडा, तो हे छोटे मासे खाईल, आपण त्याला खाऊ. शिवाय साहेब लोकांना गळ टाकून खेळायलाही बरं.

तो मोठा मासा म्हणजे नाईल पर्च. दोन मीटरपर्यंत लांब, वजन दोनशे किलोपर्यंत. नाईलमध्ये तो होताच, पण मर्चिसन धबधबा चढून वर येणं त्याला शक्य नव्हतं. निसर्गाने घातलेला तो बांध माणसाने ओलांडून दिला. १९५४ च्या सुमारास युगांडाच्या बाजूने मासा गुपचूप सोडला गेला. १९६० मध्ये तो जाळ्यात मिळाला. जेफ्री फ्रायरसारखे शास्त्रज्ञ त्याच वर्षी लेखी विरोध करत होते. पण मासा आलाच आहे, आता काय, असं म्हणत १९६२-६३ मध्ये अधिकृतपणे आणखी सोडले. आधी चोरून करायचं आणि मग झालंच आहे म्हणून नियमित करायचं. ओळखीचं वाटतंय ना?

वीस वर्षं फार काही दिसलं नाही. १९८० च्या दशकात मात्र पर्चची संख्या एकदम फुगली आणि रंगीत माशांच्या जवळपास दोनशे जाती दिसेनाशा झाल्या. दोष एकट्या पर्चचा नाही. शेतातली माती, खतं, शहरांचं सांडपाणी यांनी पाणी गढूळ झालं. या माशांच्या माद्या नराचा रंग बघून जोडीदार निवडतात. गढूळ पाण्यात रंगच दिसेना, मग जवळच्या जाती एकमेकांत मिसळून गेल्या. त्यात १९८९-९० ला जलपर्णी आली आणि बंदरंच्या बंदरं बुजली. शेवटी भुंगेरे सोडून ती आटोक्यात आणली.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगणं अन्याय होईल. पर्चमुळे पैसा आला. मासेमारी कित्येक पटींनी वाढली. म्वांझा, किसुमू, जिंजा इथे कारखाने उभे राहिले, मासा युरोपला जायला लागला, लाखो हातांना काम मिळालं. पण नफ्याची वाटणी बघा. मांस विमानाने परदेशी, सांगाडे आणि मुंडकी तळून काठावरच्या गरिबाला. आपल्याकडे घोळ माशाचा 'बोत' चढ्या भावाने जातो ना, तशी पर्चची हवेची पिशवी चीनला जाते. पूर्वी छोटे मासे बायका उन्हात वाळवून विकायच्या. पर्च तेलकट, वाळत नाही, धुरी द्यावी लागते. म्हणजे लाकूड, म्हणजे जंगलतोड.

पुढे पर्चही अति पकडल्याने घटला. २०१७ पासून युगांडाने बेकायदा मासेमारी थांबवायला लष्कर उतरवलं. होड्या जाळल्या गेल्या त्या गरीब कोळ्यांच्या. आज वजनात सर्वात जास्त मिळतो तो डागा, बोटभर चंदेरी मासा. तिथलाच. तोच सामान्यांचं पोट भरतो. पर्च कमी झाल्यावर काही रंगीत जाती परतल्या, पण बऱ्याच परत दिसल्या नाहीत.

आता आपल्याकडे या. उजनीतली चिलापी मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ ला आणली. आज भिगवणच्या बाजारात तीच जास्त आणि अनेकांची चूल तिच्यावर चालते. थाई म्हणून विकला जाणारा मांगूर तर याच व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातही मूळचा राहणारा. २००० मध्ये केंद्राने बंदी घातली, तरी चोरून पाळला जातोच.

बाहेरचा मासा वाईटच, असं माझं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की पाण्यात सोडलेला मासा परत काढता येत नाही. धरणात कोणतं मत्स्यबीज सोडायचं हे ठरतं तेव्हा त्या धरणावर जगणारे कोळी आणि भोई त्या बैठकीत असतात का? व्हिक्टोरियावर नव्हते. तुमच्या भागातल्या धरणात काय सोडलं जातं आणि कोण ठरवतं, माहीत असेल तर खाली लिहा.