खर्जाच्या तारेचं आजोळ

फ्रेटलेस बास गिटारला कुठल्या तारा लावाव्यात यावरून वादकांत दोन तट आहेत. एक फ्लॅटवाउंडवाल्यांचा, म्हणजे चपट्या पट्टीचे वेढे दिलेल्या गुळगुळीत तारांचा. दुसरा राउंडवाउंडवाल्यांचा, गोल तारेचे खरखरीत वेढे. पहिल्यांचं म्हणणं असं की पडदे उपटलेली बास म्हणजे गळ्यात अडकवलेली डबल बासच. तिने आईसारखं खालच्या आवाजात बोलावं. मीही बरीच वर्षं हेच मानत होतो. मग राउंडवाउंडचं कूळ शोधायला गेलो आणि पोचलो थेट व्हिएन्नातल्या वाइनच्या गुत्त्यात.

तिथे आंतोन कारास झिथर वाजवत असे. झिथर म्हणजे मांडीवर किंवा टेबलावर ठेवायची पेटी: पाचेक तारा पडद्यांवरून जातात, उरलेल्या तीसेक मोकळ्या. 1949 च्या ‘द थर्ड मॅन’ या चित्रपटाला दिग्दर्शक कॅरल रीडने एकट्या कारासच्या झिथरचं संगीत दिलं आणि युरोपभर त्या सुरावटीचं वेड पसरलं. ते वेड इंग्लंडमधल्या जेम्स हाऊ नावाच्या इंजिनिअरलाही लागलं. पण झिथरच्या तारा मिळेनात. दुसऱ्या कुणी झिथरचा नाद सोडला असता. या गृहस्थाने तारा गुंडाळायचं यंत्रच बनवलं. त्यातून 1958 साली जी कंपनी उभी राहिली तिचं आजचं नाव रोटोसाउंड.

बासचा इतिहास एका दमात सांगतो. 1951 साली लिओ फेंडरने पडद्यांची इलेक्ट्रिक बास काढली. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव ‘प्रिसिजन’. दहा वर्षांनी बिल वायमन या बासवादकाने आपल्या स्वस्तातल्या बासचे पडदे काढले, नवे बसवायचे होते, ते राहूनच गेले. 1966 साली अँपेग कंपनीने कारखान्यातूनच बिनपडद्यांची बास विकायला आणली.

त्याच 1966 साली ‘द हू’ या रॉक बँडचा बासवादक जॉन एंटविसल हाऊकडे आला. या माणसाला बासमधून पियानोच्या खर्जाच्या तारेसारखा खणखणीत आवाज हवा होता. त्याआधी एका अमेरिकन बासच्या बारीक तारा त्याला आवडल्या होत्या. पण त्या तुटायच्या आणि इंग्लंडात सुट्या मिळायच्या नाहीत, म्हणून तारेसाठी आपण अख्खी नवी बासच विकत घ्यायचो, असं तो सांगे. दोघांनी खपून राउंडवाउंड तारांचा जो संच जमवला तो ‘स्विंग बास 66’.

इथे जाणकार मला अडवतील. गिटारच्या जाड तारांना गोल वेढे आधीपासून होतेच, मग यात झिथरचं काय? आक्षेप रास्त आहे. तारेचा आकार झिथरने दिला असं मी म्हणतच नाही. पण स्वतः वाद्यवेडा असलेला, घरचं यंत्र हाताशी असलेला मालक नसता, तर एका हट्टी वादकासाठी तारांमागून तारा गुंडाळत कोण बसलं असतं? झिथरने यंत्र दिलं, यंत्राने तार. म्हणून मी आजोळ म्हणतो.

शिवाय नावातही नातं आहे. ग्रीक ‘किथारा’ लॅटिनमधून जर्मनीत गेली ती ‘झिथर’ झाली. अरबीच्या वाटेने स्पेनला पोचली ती ‘गिटार’. म्हणजे मावशीच्या घरची तार भाचीकडे आली. या पंगतीत आपली सतारही बसवायचा मोह अनेकांना होतो. मलाही झाला. पण फारसी ‘सेह’ म्हणजे तीन, ‘सेहतार’ म्हणजे तीनतारी. दोन तारांचा ‘दुतार’ शेजारीच उभा असताना ग्रीसपर्यंत कशाला जायचं?

फ्रेटलेसवर राउंडवाउंड तारांची खरी कमाल दाखवली बासवादक जॅको पास्टोरियसने. त्याच्या 1962 च्या फेंडर जॅझ बासचे पडदे त्याने स्वतः काढले की आधीच निघालेले होते, हे तोच कधी एक सांगे, कधी दुसरं. मला दुसरं खरं वाटतं; पहिली गोष्ट जरा जास्तच रंगतदार आहे. पडद्यांच्या खाचा भरून बोटं दाबायच्या पट्टीवर त्याने होड्यांना लावतात ते इपॉक्सी चढवलं, कारण गोल वेढे कानशीसारखे लाकूड खातात. त्या टणक पट्टीला कंप पावणारी तार किंचित घासते आणि सूर उमलत जातो. इंग्रजीत वादक त्याला ‘म्वाह’ म्हणतात. तंबोऱ्याच्या घोडीवर सूत सरकवून जवारी काढताना पाहिलेल्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. फ्लॅटवाउंडवर म्वाह निघत नाही असं नाही, पण त्यातली गुरगुर दबते.

तेव्हा तार निवडण्याआधी पट्टी पाहा. इपॉक्सीची किंवा टणक आबनुसाची असेल तर राउंडवाउंड बेधडक लावा. नुसत्या रोझवुडवर लावाल, तर माझ्या बासवर जी-तारेखाली पडलीय तशी चर पडेल. तिथे आपली फ्लॅटवाउंडच बरी.