तळटीप : ‘गड’ या शब्दाविषयी

मूळ इब्री पाठात (स्तोत्र १८, ओवी २) येथे ‘मेत्सुदा’ हा शब्द असून, शौलाच्या ससेमिऱ्यातून निसटलेला दावीद ज्या दुर्गम आश्रयस्थानी राहिला त्यास, आणि पुढे यबूसी लोकांकडून त्याने हस्तगत केलेल्या सीयोनच्या कोटासही, तोच शब्द योजिलेला आहे. यास्तव ईश्वरास गड म्हणणे हा केवळ अलंकार नव्हे, खडकाच्या आडोशाने जीव वाचलेल्या माणसाची ती भाषा आहे. चुनादगडाच्या तटाचा भरवसा किती धरावा, हे लाखीशच्या हकिकतीवरून दिसते. इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने तटाला दगडांचा प्रचंड दमदमा भिडवून हे शहर घेतले आणि तो वेढा निनवे येथील आपल्या राजवाड्यात शिळांवर कोरवून घेतला. पुढे बाबेलच्या स्वारीच्या सुमाराची, शाईने लिहिलेली खापरे लाखीशच्या वेशीतल्या एका खोलीत १९३५ साली सापडली. त्यांपैकी एकात बाहेरच्या ठाण्यावरील अंमलदार वरिष्ठास कळवितो की, अजेकाची खूण दिसत नाही, आम्ही लाखीशच्या जाळाकडे डोळे लावून आहो. यिर्मयाच्या ग्रंथात (३४:७) यहूदातील शेवटची तटबंद नगरे म्हणून हीच दोन नावे येतात, हे ध्यानात घेता तो कोरडा सरकारी मजकूर फार बोलका वाटतो. पौलाने मात्र करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (१०:४) ही प्रतिमा उलटी फिरविली आहे. तेथील किल्ले मनुष्याच्या उन्मत्त तर्कांचे असून ते जमीनदोस्त करावयाचे आहेत. वाचकांनी ते आणि प्रस्तुत गड एक समजू नयेत. — संपादक