डेम्लो स्थानकावरील संख्या

वर्ध्याहून मुंबईस जाणारी आगगाडी देवळाली व कल्याण मागे टाकून डोंबिवलीवरून जाते. हा लोहमार्ग ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा असताना या डोंबिवलीस डेम्लो म्हणत. त्या स्थानकावर एका गणितप्रेमी गृहस्थास काही संख्यांची कल्पना सुचली, आणि त्यांनी त्या संख्यांना स्थानकाचेच नाव दिले. ते गृहस्थ म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूस जन्मलेले कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते.

त्या कुळातील एक संख्या पाहा: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या टेकडीप्रमाणे चढते व उतरते. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा हा वर्ग होय. गुणाकार मांडला म्हणजे नऊ ओळी होतात व प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते. त्यामुळे उभ्या रकान्यांत एक, दोन, तीन असे वाढत मध्यभागी नऊ एक येतात, आणि पुढे ते तसेच कमी होतात. कोठेही हातचा येत नाही. परंतु दहा एकांचा वर्ग केला की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि टेकडी ढासळते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

आणखी एक मौज आहे. आपल्या पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ होते, आणि त्या ८१ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार येतो तो १२३४५६७९ या संख्येचा वर्ग. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले.

हे संशोधन पुष्कळ विद्वानांना क्षुल्लक वाटले. टेकडीचे गुण संख्येचे नसून दशमान लेखनाचे आहेत, असा आक्षेप घेता येतो, आणि तो खरा आहे. दुसऱ्या पायावर संख्या लिहिली की हे रूप पालटते. पण ज्या लेखनात आपण रोज हिशेब करतो, त्याची ताकद व मर्यादा नऊ आणि दहा यांच्या सीमेवर इतक्या स्पष्टपणे दिसावी, हे थोडे आहे काय?

कापरेकरांपाशी पदव्युत्तर शिक्षण नव्हते, विद्यापीठाचे आसनही नव्हते. ६१७४ या संख्येचा त्यांचा शोध १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला गेला. मात्र मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली एका अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. १९८६ साली ते निवर्तले.

घरी मुलांसह पाटी घेऊन दोन, तीन, चार एकांचे वर्ग करून पाहा. मुले "असे का?" म्हणून विचारतील. तेथे उत्तर देण्याची घाई करू नका. रकाने त्यांनाच मोजू द्या.