यंग गुणांक

पदार्थाचा ताठरपणा दर्शविणारी राशी. एकक क्षेत्रफळावरील बल म्हणजे प्रतिबल आणि मूळ लांबीच्या प्रमाणात पडणारा लांबीतील फरक म्हणजे विकृती; स्थितिस्थापक मर्यादेत प्रतिबलास विकृतीने भागले असता जो स्थिरांक मिळतो, त्यास टॉमस यंग (१७७३–१८२९) या इंग्रज शास्त्रज्ञाचे नाव आहे. बल आणि विस्तार यांचे समप्रमाण रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये विशद केले होते. प्रयोगशाळेत लांब तार टांगून, तीवर क्रमाने वजने चढवून आणि दर खेपेस वाढलेली लांबी सूक्ष्ममापीने टिपून हा गुणांक काढतात. पोलादाचा गुणांक सुमारे २०० गिगॅपास्कल, तर ॲल्युमिनियमचा सुमारे ७० असतो.

सुरत–जळगाव लोहमार्गावरील अमळनेर येथे, खानदेशच्या प्रखर उन्हात, या राशीचे महत्त्व प्रत्यक्ष पटते. तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढल्यास एक किलोमीटर लांबीचा मोकळा रूळ सुमारे ३६ सेंटिमीटर वाढेल. परंतु तोच अखंड जोडून जखडला असता ही वाढ रोखली जाते आणि त्यात सुमारे ७२ मेगॅपास्कल संपीडक प्रतिबल साठते. म्हणूनच रूळ वाकू नये यासाठी खडी व स्लीपर यांचा पक्का बंदोबस्त करणे, ही प्रवाशांच्या जीविताशी निगडित अशी अत्यावश्यक तजवीज होय.