शिरेतला डिंक

वर्ध्यात किराणा दुकानात डिंक मागितला की पहिला प्रश्न येतो, "बाभळीचा की धावड्याचा?" बाळंतिणीच्या लाडवांना आमच्या घरी धावड्याचाच. तुपात खडा पडला की लाहीसारखा फुलतो. याचाच एक चुलतभाऊ पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या शिरेतून दिला जात होता, हे वाचलं तेव्हा हातातला लाडू तसाच राहिला.

रक्त फार गेलं की अंग गार पडतं, नाडी बारीक आणि जलद होते. हा शॉक. ऊब द्या, शिरेतून मिठाचं पाणी द्या, इतकंच हाती होतं. पण ते पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपून जाई. रक्तातली प्रथिनं पाणी धरून ठेवतात, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगने 1896 मध्येच दाखवलं होतं. त्याचा मेहुणा विल्यम बेलिस याने 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात 6 टक्के अरबी डिंक विरघळवला. डिंकाचे मोठे रेणू आत टिकतात, पाणीही धरतात.

त्याला डिंकच का सुचला? माझं लाडकं उत्तर: मुंबई. आफ्रिकेतला डिंक एडनमार्गे मुंबईला यायचा आणि तिथून 'ईस्ट इंडिया गम' म्हणून विलायतेला जायचा. त्याबरोबर सुईणींचं शहाणपणही गेलं नसेल कशावरून? यावर रोकडा आक्षेप असा, की औषधं घट्ट करायला डिंक विलायतेतल्या प्रत्येक दवाखान्यात होताच. शिवाय खाल्लेला डिंक आतड्यातच मोडतो, रक्तात जातच नाही. मान्य. पण रक्त गेलेल्या माणसाला दोन्हीकडे डिंकच आठवावा, हे मला सुटत नाही.

धावड्याच्या डिंकाला जागतिक बाजारात 'घट्टी' म्हणतात. घाटातून उतरून आला म्हणून घाटी, असं पुस्तकं सांगतात. मला ते पटत नाही. आर्वीकडच्या टेकड्यांवरही धावडा आहे, तिथे कुठला आलाय घाट! हा डिंक पाण्यात बाभळीच्या डिंकापेक्षा दाट होतो, म्हणून 'घट्ट'वरून घट्टी, असा माझा आपला अंदाज. इंग्रजीतला जोड 'ट' सोडला तर माझ्याकडे पुरावा नाही. बेलिसला मात्र नुसता घट्टपणा पुरेसा नव्हता. डिंकाचे रेणू रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवतात, यावर त्याचा भर होता.

त्याचा डिंक फार टिकला नाही. 1917 मध्येच ऑस्वल्ड रॉबर्टसन या अमेरिकी डॉक्टरने सायट्रेट घातलेलं रक्त बर्फात साठवून आघाडीवर नेलं. पुढे कळलं, शिरेतून गेलेला डिंक यकृतात जाऊन बसतो आणि लवकर हलत नाही.